भट्टी निवते आहे

भट्टीच्या भिंतीला हात लावते. गरम आहे.

दोन पावलं जाते, परत येते, पुन्हा लावते. गरम आहे, पण मघासारखी नाही. की तशीच आहे आणि माझाच हात तापलाय?

बसून राहा, असं सुईण बजावून गेली होती. मी बसते आणि उठते. आज कूर शहरात कुणीच बसलेलं नाही. समोरच्या घरचं कुत्रं सकाळपासून स्वतःभोवतीच फिरतंय. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवतं, परत सरकवतं, परत.

वारा सुटलाय. फ्योन, डोंगर उतरून येणारा, दक्षिणेचा गरम वारा.

•

आधी भट्टीचं सांगते.

नको. आधी पोरीचं.

पोर दीड महिना आधी आली. सोललेल्या सशाएवढी. रडली नाही, दार करकरावं तसं काहीतरी केलं आणि गप्प झाली. सुईणीने तिला उजेडात धरलं, नखं बघितली, म्हणाली, "आईच्या पोटातून घाईने निघाली ही. आता भट्टीच्या पोटापाशी ठेवा. पाव फुगवता ना तुम्ही लोक? तशीच फुगवा."

भटाऱ्याच्या घरात काठवट कुणाला देत नाहीत. शेजारी मागायला आले तर सासूबाई सरळ तोंडावर नाही म्हणतात. पण त्यांनी स्वतः कणीक खरवडून काठवट स्वच्छ केली, आत कोंड्याच्या गरम पिशव्या रचल्या, मधे पोर ठेवली आणि काठवट भट्टीच्या पाठीला टेकवली. पिशवी निवली की दुसरी. भट्टी रोज पेटते, भिंत रोज तापते, म्हणून पोर रोज सकाळी असते. इतकं सरळ होतं.

नाव अजून नाही. रविवारी सेंट मार्टिनच्या देवळात आमचा पाद्री तिला बाप्तिस्मा देणार. नाव ठरलेलं आहे, डोर्टे. सासूबाईंचं. त्यांनी सुचवलं नाही. त्यांनी फक्त काठवट दिली.

•

आणि आज सकाळी कालांदा डोंगर जवळ आला.

रोज तो ऱ्हाइनच्या पलीकडे असतो. आज खिडकीत होता. एकेक झाड दिसत होतं, झाडाखालचं बर्फसुद्धा. दक्षिणेला डोंगरांच्या माथ्यावर ढगांची भिंत, आणि इकडे आकाश धुतल्यासारखं निळं. सासूबाई दारातूनच परत फिरल्या. "आला," म्हणाल्या, दुखरं कपाळ दाबून.

मग गल्लीतून हाक.

"चुली विझवा! भट्ट्या विझवा! चिलमी विझवा! फ्योन आहे होऽऽ!"

आवाज ओळखीचा. शहरातले कारागिरांचे पाच संघ पाळीपाळीने गस्त घालतात आणि या महिन्यात पाळी भटाऱ्यांची आहे. भटाऱ्यांच्या संघातून या आठवड्यात गस्तीची काठी ज्याच्या हातात आहे, तो आम्ब्रोसी. माझा नवरा.

तो गल्लीभर ओरडला आणि मग घरात आला. त्याच्यामागोमाग श्टोफेल. श्टोफेल खोगीर शिवतो आणि उरलेल्या वेळात आमच्या दारात उभा असतो.

"काय रे भटाऱ्या, सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. घरचा जाळ बहिरा आहे का?"

"विझवतोय."

"विझवतोय नको. विझवला म्हण."

"आधी तुझी चिलीम दाखव."

"ही बघ. बायकोच्या बोलण्यापेक्षा थंड."

आम्ब्रोसी माझ्याकडे बघत नव्हता. त्याने लांब दांड्याचा आकडा घेतला आणि भट्टीतले निखारे ओढायला लागला. निखारे पाण्याच्या पिंपात पडत होते आणि दर वेळी पिंप ओरडत होतं.

"थोडे ठेव," मी म्हटलं. "मूठभर. राखेखाली."

"बार्ला."

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळणार आहे."

श्टोफेलने टोपी काढून हातात घेतली. एवढी लाज त्याला होती. पण गेला नाही तो, शेवटचा निखारा पिंपात पडेपर्यंत उभा राहिला.

•

शहराच्या या भीतीला कशी हसू? हे शहर जळालेलं आहे.

मोठी आग भटाऱ्याच्या भट्टीतून सुटली असं लोहार सांगतात. लोहाराच्या भात्यातून सुटली असं भटारी सांगतात. दोघं एकत्र प्यायला बसले की म्हणतात, रोमांश बोलणाऱ्या कुण्या गावंढळाच्या घरातून सुटली. तेव्हा अख्खं शहरच रोमांश बोलत होतं, हे कुणाला आठवत नाही. बाजारात, न्यायालयात, अंथरुणात, सगळीकडे माझ्या आईची बोली. मग फ्योन आला, कुणाची तरी चूल राहिली आणि शहर गेलं. पुन्हा बांधायला उत्तरेकडून सुतार आणि गवंडी आले. ते जर्मन बोलत. त्यांनी भिंती उभ्या केल्या आणि त्याच भिंतींच्या आत लग्नं केली. भिंती परत आल्या, बोली आली नाही. ती आता वर डोंगरात आहे. शाम्सच्या खोऱ्यात, आमच्या घरी, जिथून मला लग्न करून खाली आणलं. खाली आल्यावर पहिल्याच दिवशी मी बार्लाची बार्बरा झाले. फक्त आम्ब्रोसी घरात बार्ला म्हणतो. तेही हळू.

तेव्हा आग काय करते हे मला कुणी शिकवू नये. मला फक्त—

भिंत. हात लावते.

कोमट.

•

"खिडकी उघडू का आई? बाहेर ऊब आहे."

"उघडू नकोस."

"बाहेर उन्हाळा आहे आणि आपण तळघरात बसल्यासारखे—"

"फ्योन तान्ह्या पोराच्या टाळूतून आत शिरतो. माझ्या नणंदेचा मुलगा तसाच गेला."

"तो गोवराने गेला. तुम्हीच सांगितलंत."

"आणि गोवर कशावर येतो? वाऱ्यावरच ना?"

दगडी घर. हिवाळाभर गारठा प्यालेल्या भिंती. चूल आणि भट्टी चालू असतात तोवर त्या गप्प असतात, विझल्या की सगळा गारठा परत द्यायला लागतात. सासूबाईंनी झडपा लावून फटींत चिंध्या कोंबल्या. वारा झडपांना धक्के मारतोय. अंधार आणि धक्के. मी पोरीला उचलून छातीशी धरते, कपड्याच्या आत, कातडीला कातडी. पण बाळंतपणात इतकं रक्त गेलं की माझंच अंग तेव्हापासून गार आहे. ती माझी ऊब घेत नाही. मीच तिची घेते की काय असं वाटतं. परत काठवटीत ठेवते. पिशव्या चाचपते. सगळ्या सारख्याच.

तिचे पाय मी तोंडात धरते. दोन्ही पाय एकदम मावतात. टाचा गार.

"आई, हात लावून बघा."

सासूबाई भट्टीला हात लावतात. मग पोरीला. मग परत भट्टीला. जणू दोघींपैकी एक खोटं बोलतेय.

"वारा पडेल," त्या म्हणतात.

"कधी?"

"पडेल तेव्हा."

मी झडपेच्या फटीतली चिंधी उपसते. डोळा लावते. छपरं, छपरांवर नाचणारी धूळ, एकाही धुराड्यातून धूर नाही. अख्खं शहर मेल्यासारखं स्वच्छ. आणि छपरांच्या वर, द्राक्षमळ्याच्या वर, टेकडीवर—

"वर धूर आहे."

सासूबाईंना माहीत आहे कुठे.

•

टेकडीवर बिशपचा कोट आहे, तटबंदीचा. कोट शहरात आहे आणि शहराचा नाही. ते जुन्या पंथाचे, पोपला मानणारे; आम्ही नव्या. त्यांचा कायदा वेगळा, त्यांच्या घंटा वेगळ्या, त्यांचं घड्याळही आमच्यापेक्षा पुढे चालतं असं श्टोफेल म्हणतो, "कारण त्यांना स्वर्गात आधी पोचायचंय." मधे एक दरवाजा. दिवसा उघडा, संध्याकाळच्या घंटेला बंद. आत आमची गस्त चालत नाही. फ्योनमध्ये त्यांच्या स्वयंपाकघरातून धूर दिसला की खाली लोक मुठी वळतात आणि वर मान करून बघत राहतात, भुकेले.

"त्यांच्या चुलीला दगडी घुमट आहे," सासूबाई म्हणतात. "ठिणगी बाहेर येत नाही म्हणे."

"मग मी हिला वर नेते."

"बाळंतीण उंबरा ओलांडत नाही."

"आणखी?"

"आणखी काय?"

"तुम्हाला आणखी काहीतरी म्हणायचंय."

त्या कपाळ दाबतात. "ते हिच्यावर पाणी घालतील, बार्बरा. बाप्तिस्मा न झालेलं पोर दिसलं की त्यांचा हात थांबत नाही. मग ही त्यांची. रविवारी पाद्रीला काय सांगायचं? आम्ब्रोसी संघात कसा बसणार?"

"रविवारपर्यंत—"

त्या मला पुढचं बोलू देत नाहीत. स्वतःची लोकरी शाल काढतात, माझ्या खांद्यावर टाकतात आणि पुढून घट्ट ओढतात.

"तोंड झाकून जा," म्हणतात. "तिचं. तुझंही."

•

बाहेर.

बाहेर वारा दारामागेच उभा असतो, दार उघडताच अंगावर येतो, गरम, कोरडा, कुणीतरी तोंडावर श्वास सोडल्यासारखा. दारावरची पाटी करकरते. कुठलीतरी बादली गल्लीभर गडगडत जाते. प्लेसूर नदी डोंगरातल्या वितळलेल्या बर्फाचं गढूळ पाणी घेऊन आलीय, तिचा आवाज दोन गल्ल्या अलीकडे. मी चालते. बाळंतपणानंतर पहिल्यांदा. भिंती धरत धरत.

"अगं, ही भटाऱ्याची ना?"

"बाळंतीण? रस्त्यावर?"

"फ्योनने डोकं फिरतं बायांचं. माझ्या सुनेने सकाळी तीन ताटं फोडली."

"फुटली की फोडली?"

"तिलाच विचार. मी विचारलं तर चौथं फोडेल."

पुढे. सेंट मार्टिनच्या मागून पायऱ्या. पायरी, थांब, पायरी. शालीच्या आत पोर. मी बघत नाही. बघितलं तर थांबेन आणि थांबले तर—

बघते.

गाल लाल आहे.

थांबते. बोट लावते. गाल गरम आहे. वारा शालीच्या फटीतून आत जातोय, सासूबाईंच्या नणंदेच्या मुलाला मारणारा वारा, आणि तो हिच्या अंगावरून जातो तसतसा हिचा रंग बदलतोय. दरवाजाच्या थोडं खाली द्राक्षमळ्याची भिंत आहे. दक्षिणेकडे तोंड करून सकाळपासून ऊन आणि वारा खात उभी. मी तिला टेकून बसते. दगड भट्टीसारखे.

मी हसते. मोठ्याने. मळ्यातला एक कावळा उडतो. बाहेर हे असं होतं आणि आम्ही दिवसभर आत चिंध्या कोंबत बसलो होतो.

मी पोरीला शालीतून थोडी बाहेर काढते. ती करकरते. तिला काहीतरी आवडलं नाही. तिला काही आवडत नाही याचा मला इतका आनंद होतो की रडू येतं. दरवाजा वर आहे, मला नको तो. वारा आहे तोवर वारा पुरे.

•

काठी आधी दिसते, मग आम्ब्रोसी.

"बार्ला? तू... इथे?"

"भिंतीला हात लाव."

"वेडी झालीस?"

"लाव तर."

तो लावतो. मग दोन बोटं पोरीच्या मानेला लावतो, पाव झाला की नाही बघताना लावतो तशी. बराच वेळ.

"तापलीय," तो म्हणतो.

"हो."

"कवच धरतेय." आणि तो माझ्या शेजारी बसतो. गस्तवाल्याने बसायचं नसतं. टोपी काढतो. केसांत राख आहे, सकाळची. "मी तिकडे गल्ल्यागल्ल्यांतून ओरडतोय," तो म्हणतो, "आणि प्रत्येक घरासमोर वाटतं, आपल्या घरात काय... मी दोनदा आपल्या दारापर्यंत आलो."

"आत का नाही आलास?"

"आत आलो असतो तर पेटवली असती."

मी त्याचा हात घेते. खडबडीत, भाजलेला. मला त्याला सांगायचं असतं की मला राग आला होता आणि अजून आहे पण—

वारा थांबतो.

•

असा थांबतो की कान दुखतात. मळ्यातल्या काठ्या सकाळपासून एकमेकींवर आपटत होत्या, त्या उभ्या राहतात. नदी ऐकू येते. खाली कुणीतरी कुणाला तरी शिवी देतंय, तीही स्पष्ट ऐकू येते. मग ऱ्हाइनच्या बाजूने, उत्तरेकडून, पायांवरून गार काहीतरी सरकतं.

"पडला," मी म्हणते. "पडला वारा. हाक दे. पेटवू दे सगळ्यांना."

आम्ब्रोसी उभा राहिलाय. दक्षिणेकडे बघतोय. ढगांची भिंत तिथेच आहे. मग उत्तरेकडे. तिकडे काळं आहे पण लांब आहे.

"पडला की श्वास घेतोय?" तो म्हणतो.

हे मला माहीत आहे. इथे सगळ्यांनाच. फ्योन मधे श्वास घेतो, लोक भुकेने उठतात, चुली पेटवतात आणि तो परत येतो. त्या मोठ्या आगीच्या दिवशीही त्याने श्वास घेतला होता म्हणतात. म्हणून नियम असा, की पाऊस अंगावर पडेपर्यंत हाक द्यायची नाही. पण नियमात शेवटी एक शेपूट आहे: गस्तवाल्याची खात्री झाली तर.

"तुझी खात्री आहे?" मी विचारते.

"नाही."

"किती नाही?"

"बार्ला, मी हाक दिली की सगळं शहर एकदम पेटवणार. सकाळपासून कुणाच्या पोटात काही नाही. प्रत्येक घरात जाळ. आणि तो परत आला तर?"

दगड अजून गरम आहे. पण हवा नाही. मी पोरीला शालीत घालते. ओठ बघते. ओठांभोवती निळसर रेघ आहे. मघाशी होती का? नव्हती.

आम्ब्रोसीनेही बघितलं. तो काठी या हातातून त्या हातात घेतो.

"तू सांग," तो म्हणतो. "तू दे म्हणालीस तर देतो."

"माझ्यावर टाकू नकोस!"

"मग कुणावर टाकू? मला एकट्याला... मला दोन्ही दिसतं आणि मला—" तो तोंड पुसतो. "तू म्हण. मी देतो हाक. देवाशप्पथ."

खाली छपरं. लाकडी फळ्यांची, वाळलेली, एकमेकांना खांद्याला खांदा लावून. त्यांच्याखाली सासूबाई, झडपा लावून. श्टोफेल आणि त्याची थंड चिलीम. तीन ताटं फोडणारी ती सून. मला यातलं कुणी फारसं आवडत नाही. मला हे शहरच आवडत नाही, याने माझं नाव बदललं. आणि मला "दे" म्हणता येत नाही. तोंड उघडते आणि येत नाही.

मी उठते.

"कुठे?"

"हाक देऊ नकोस."

"बार्ला, तिकडे नको, ते—"

"ये मग. चल माझ्याबरोबर."

"काठी हातात असताना मला आत येता येत नाही. तुला माहीत आहे."

"मग काठीबरोबर राहा," मी म्हणते, आणि ते जितकं वाईट ऐकू येतं तितकं मला म्हणायचं नसतं, पण आता वळायला वेळ नाही.

•

दरवाजा. मी इतकी वर्षं याच्या खालून भाजी आणायला गेले आणि याच्या आत कधी नाही. आत फक्त अंगण आहे. कारंजं. घरं. एक मांजर. मला काय वाटलं होतं कोण जाणे. धुराचा वास. वासामागे जाते, पोरीशी बोलत, काहीतरी, काहीही, झोपू नकोस, झोपू नकोस गं बाई, आणि आमच्या बोलीत बोलतेय हे मला एका दारात पोचल्यावर कळतं, कारण आतून त्याच बोलीत उत्तर येतं.

"कोन हाय? दार लाव आदी, ऊब जाते!"

चुलीपाशी एक जाड बाई. हातात झारा. वरच्या ऱ्हाइनच्या खोऱ्यातली, तिच्या हेलावरून कळतं. आमच्या शाम्सपेक्षा वेगळा हेल, पण बोली तीच.

"कुनाची गं तू? खालची दिसतीस, पन बोलतीस आपल्यावानी."

"शाम्सची. खाली दिलीय. भटाऱ्याकडे. पोर... दीड महिना आधी... भट्टी विझली..."

तिने झारा टाकला आणि पोर घेतली. शाल उलगडली. "अगं आई आई आई," म्हणाली. चुलीकडे वळली. आणि थांबली.

"पानी झालंय का हिला?"

"रविवारी होणार आहे."

"रविवार लांब हाय, बाई."

"आधी ऊब द्या. पाया पडते तुमच्या."

"माज्या चुलीपाशी बिनपान्याचं पोर दगावलं तर जाब मला द्यायचाय. खाली न्हाई. वर." तिने पोरीला एका हातावर घेतलं होतं, चुलीच्या जवळ, पण पूर्ण जवळ नाही. डोळ्यांत दुष्टपणा नव्हता. तेच कठीण होतं. "चमचाभर. कोमट घेते. मी काय राक्षस हाय?"

शाल घालणाऱ्या सासूबाई. संघ. पाद्री. रविवार.

"घाला," मी म्हटलं.

"नाव?"

डोर्टे, हे मला माहीत होतं. डोर्टे म्हणायला मी तोंड उघडलं. पण मी त्या बोलीत बोलत होते आणि त्या बोलीत डोर्टे कुणी नाही. तोंडातून आलं, "मेंगिया." माझ्या आईचं नाव.

चमचा. तीन थेंब, तीन शब्द, जास्त नाही. मग बाईने पोरीला चुलीच्या बाजूच्या कोनाड्यात ठेवलं, जिथे पीठ फुगायला ठेवतात, आणि मला एका स्टुलावर ढकललं, हातात जवाच्या सुपाचं भांडं दिलं.

"पी. तुज्या अंगात दूध कुठून येनार, हवेतून? मी ओना. रडतीस का, सांडतंय सूप."

•

ती ओरडली. करकर नाही. ओरडली, सगळ्या अंगाने, मुठी हलवत. ओनाने तिला माझ्याकडे दिलं आणि ती प्यायली. थकून थांबली, पुन्हा प्यायली. ओठ गुलाबी.

तेवढ्यात छपरावर कुणीतरी मूठभर वाटाणे टाकले. मग टोपलीभर. मी उठले, पोर छातीशी, खिडकीपाशी गेले. कालांदा नव्हता. सगळा पांढरा, ढगात. पाऊस. आणि खालून, ओला, फाटलेला आवाज:

"पेटवाऽऽ! पेटवा होऽऽ!"

एक धुराडं. मग दुसरं. मग कुठूनही.

"म्हणजे पडलाच होता," मी म्हटलं. "तेव्हाच पडला होता. श्वास नव्हताच. दिली असती हाक तर काही झालं नसतं."

"आता समजलं," ओना म्हणाली. "तवा कुटं समजलं हुतं?"

मला ते पुरलं नाही. अजून मी तेच फिरवत होते, खिडकी ते चूल, चूल ते खिडकी. ओना दोनदा म्हणाली, "बस की गं." मी दोनदा बसले.

•

आम्ब्रोसी आला तो काठीशिवाय. दारात उभा. टोपीतून पाणी गळत होतं. आत पाऊल टाकावं की नाही हे त्याच्या बुटांना कळत नव्हतं.

"दार लाव आदी," ओनाने तिच्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं.

त्याने लावलं. आत आला. पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आहे?"

"आहे. प्यायली."

त्याचे खांदे खाली आले. मग हळूच, ओनाला कळू नये म्हणून माझ्या कानाशी, "घातलं का त्यांनी?"

"घातलं."

"किती?"

"चमचाभर," ओना म्हणाली. तिला जर्मन धड बोलता येत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. "कोमट."

तो विचार करत होता. खरंच करत होता, कपाळाला आठ्या घालून, पिठाचा अंदाज घेतो तसा.

"वाळलं?"

"कधीच."

त्याने मान हलवली. पुढे वाकला, आणि टोपीच्या काठावरून पाण्याची धार पोरीच्या कपाळावर. ती किंचाळली.

"घ्या," ओना म्हणाली. "आता तुमचंबी झालं." आणि हसायला लागली, पोट धरून. आम्ब्रोसी लाल झाला, घाईने बाहीने पोरीचं डोकं पुसायला लागला, राखेची बाही, पोरीच्या कपाळावर काळा पट्टा.

"चल," तो म्हणाला. "भट्टी पेटवलीय."

"पाठ तापलीय?"

त्याने टोपी काढून पिळली.

"जाळ पेटला. भिंत कधी तापेल?" मी विचारलं.

"उशीर लागेल," तो म्हणाला. "दगड पार निवला होता."

"मग मी कुठे ठेवू हिला?"

"संध्याकाळची घंटा होईल आता. दरवाजा बंद होईल, बार्ला. तू आत राहशील. उजाडेपर्यंत. सगळं शहर बघेल की तू इथे—"

"बघू दे."

तो उभा राहिला. खाली सगळे भुकेले होते आणि पीठ त्याचं होतं. हे दोघांनाही माहीत होतं. घंटा सुरू झाली, इतकी जवळून की चुलीवरची भांडी थरथरली. त्याने टोपी घातली, दारापर्यंत गेला, परत आला, पोरीच्या पायाला बोट लावलं, टाचेला.

"उजाडलं की येतो."

"पाव घेऊन ये," ओना म्हणाली. "तुमच्याकडचा चांगला असतो असं ऐकलंय. आमच्यातलं कुनी कबूल करत न्हाई."

तो दारात थांबला. घंटा चालूच होती.

"नाव काय घातलं? डोर्टेच ना?"

मी सांगितलं.

पाऊस आत येत होता. ओना या वेळी दार लाव म्हणाली नाही.

"आईला काय सांगू?" तो म्हणाला.

"तू काही सांगू नकोस. पोर प्यायली एवढंच सांग. बाकीचं मी खाली आले की सांगेन."

"कुठल्या तोंडाने?"

"माझ्याच," मी म्हटलं. "जा आता. पळ. दरवाजा."

तो पळाला.